रात्री साडेदहाचा फोन

मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झालं की दुसऱ्या दिवसापासून राऊंड घ्यायचा असतो. एमडी किंवा एमएस झालेल्या माणसाला आजार कळतो, हात चालतो. पण खालच्या पोरांकडून काम करून घेताना हात कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग तो त्याच्या सरांनी जे केलं तेच करतो. सर राऊंडवर झाडायचे, हाही झाडतो. सर सगळं स्वतःच उरकायचे, हाही उरकतो. रेसिडेंट, म्हणजे एमडी-एमएस शिकत वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर, असतानाच्या तीन वर्षांत सरांचं जे अंगावर आलं, तेच त्याचं शिक्षकी शिक्षण.

प्रशिक्षण मुळीच नाही असं नाही. मेडिकल कौन्सिलच्या काळापासून कॉलेजाकॉलेजांत मेडिकल एज्युकेशन युनिट आहे, तीन दिवसांचा बेसिक कोर्स आहे, आणि बढतीच्या फाइलला त्याचं सर्टिफिकेट लागतं. त्यात ऑब्जेक्टिव्ह कसे लिहायचे, लेसन प्लॅन, मायक्रोटीचिंग (छोट्या धड्याचा सराव), एमसीक्यू, ओएससीई (टप्प्याटप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा) हे सगळं येतं. लेक्चर सुधारायला कोर्स चांगला आहे. वॉर्डातली देखरेख मात्र त्यात ओझरती येते, आणि रेसिडेंटचं सगळं शिक्षण तर वॉर्डातच होतं.

देखरेखीचा प्रश्न रोज नव्याने पडतो: या पोराला, या पेशंटवर, हे काम, आज कितपत एकट्याने करू द्यायचं? शिक्षकाला तयार करायचं म्हणजे हा निर्णय जाणूनबुजून घ्यायची सवय लावायची. बहुतेक ठिकाणी तो आपोआप होतो, तोही वर्षावरून. जेआर-१ (पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट) हे करणार, जेआर-२ ते करणार, ठरलेलं.

वर्षावरून ठरवण्यातली खोट नवी बॅच रुजू झाली की दिसते. इंटर्नशिप जिल्हा रुग्णालयात केलेला मुलगा पन्नास कॅथेटर (लघवीच्या नळ्या) घालून आलेला असतो. दुसऱ्याने इंटर्नशिपचं वर्ष नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात लायब्ररीत काढलेलं असतं. दोघेही जेआर-१. दोघांनाही एकाच रात्री एकच काम सांगितलं जातं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये यावर एक साधी मांडणी दिली. कामाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी विद्यार्थी कोणत्या पायरीवर आहे ते ठरवायचं. पहिली पायरी, फक्त बघायचं. दुसरी, शिक्षक शेजारी उभा असताना करायचं. तिसरी, शिक्षक हाकेच्या अंतरावर असताना करायचं. चौथी, एकट्याने करायचं आणि नंतर सांगायचं. पाचवी, दुसऱ्याकडून करून घ्यायचं. यात महत्त्वाचं हे की पायरी माणसाची नसते, कामाची असते. तोच मुलगा छातीतलं पाणी काढण्यात चौथ्या पायरीवर आणि वाईट बातमी सांगण्यात पहिल्या पायरीवर असू शकतो. बहुतेक वेळा असतोच.

हे वॉर्डातल्या युनिटमध्ये (एका प्रमुखाच्या हाताखालच्या डॉक्टरांच्या गटात) आणायला सॉफ्टवेअर लागत नाही. ए-फोर कागदावर आडवी युनिटच्या सगळ्या रेसिडेंट आणि इंटर्नची नावं, उभी दहा-बारा कामं: फोलीज (लघवीची नळी), रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी), एलपी (पाठीच्या कण्यातलं पाणी काढणं), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), रक्त लावणं, डिस्चार्ज समजावणं, मृत्यूची बातमी नातेवाइकांना देणं. प्रत्येक चौकोनात एक ते पाचपैकी आकडा, पेन्सिलने, कारण तो बदलणार आहे. दर पंधरा दिवसांनी युनिटमधल्या शिक्षकांनी दहा मिनिटं बसून तो दुरुस्त करायचा. कागद नर्सिंग स्टेशनच्या काचेखाली ठेवायचा. याचा खरा उपयोग सिस्टरना होतो. रात्री दोन वाजता सेंट्रल लाइनचा ट्रे मागणाऱ्या मुलाच्या नावापुढे दोनचा आकडा असेल, तर "सर कुठे आहेत?" असं विचारायला त्यांना हा कागद पुरतो. मुलाचा अपमान होईल म्हणून कागद कपाटात ठेवणारी युनिट्स असतात. तिथे तो तीन आठवड्यांत मरतो.

आता एक काम जवळून बघू. फोलीज कॅथेटर मुद्दाम घेतोय, कारण ते 'साधं' समजलं जातं आणि इंटर्नच्या गळ्यात पहिल्या आठवड्यातच पडतं.

प्रचलित पद्धत अशी: "काल बघितलंस ना? आज तू घाल." बघणाऱ्याने काय बघितलं हे कुणालाच माहीत नसतं. सर्जन पेटन यांची चार टप्प्यांची पद्धत १९९८ पासून सर्जरीच्या प्रशिक्षणात वापरात आहे, आणि शिक्षकांच्या वर्गात ती हाताने करूनच घ्यावी लागते. पहिल्यांदा शिक्षक नेहमीच्या वेगाने, न बोलता काम करतो. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक कृती सांगत. तिसऱ्यांदा विद्यार्थी बोलतो आणि शिक्षक तो म्हणेल तेवढंच करतो. चौथ्यांदा विद्यार्थी बोलतही जातो आणि करतही जातो. पहिले तीन टप्पे पुतळ्यावर, चौथाही आधी पुतळ्यावर आणि मग पेशंटवर.

घाईत सगळे तिसरा टप्पा गाळतात, आणि पद्धतीचा सगळा जीव त्यातच आहे. मुलगा सांगू लागतो: हात धुतले, ग्लोव्ह घातले, साफ केलं, १० एमएल लिग्नोकेन जेली सोडली, तीन ते पाच मिनिटं थांबलो, १६ नंबरचं कॅथेटर आत सरकवतोय, युरिन आली, आता बलून फुगवा. इथे शिक्षकाचे हात थांबतात. युरिन दिसली म्हणजे कॅथेटरचं टोक ब्लॅडरच्या (मूत्राशयाच्या) तोंडाशी पोचलं, एवढंच. नळी आत धरून ठेवणारा बलून टोकाच्या मागे असतो, तो अजून प्रोस्टेटपाशी असू शकतो. तिथे १० एमएल पाणी भरलं की युरेथ्रा (मूत्रमार्ग) फाटते. पुरुषात कॅथेटर त्याच्या बाहेरच्या वाय आकाराच्या जोडापर्यंत पूर्ण आत घालायचं, मगच फुगवायचं, आणि फुगवताना पेशंट कळवळला तर लगेच थांबायचं. मुलाची ही चूक पुतळ्यावर, त्याच्याच तोंडून, कुणाला इजा न होता बाहेर आली. नुसतं "समजलं का?" विचारलं असतं तर तो "हो सर" म्हणाला असता.

पेशंटपाशी चौथ्या टप्प्याला शिक्षकाने उभं कुठे राहायचं हेही ठरवून शिकवावं लागतं. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, ग्लोव्ह घालून, हात मागे. मुलाच्या खांद्याशी उभं राहिलं की दोन मिनिटांत कॅथेटर शिक्षकाच्या हातात जातं, त्याच्याही नकळत. सुरू करण्याआधी दोघांत तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: दोन प्रयत्नांत गेलं नाही तर मी घेईन, मी "थांब" म्हटलं की हात जिथे आहे तिथेच ठेवायचा, आणि कोणत्या पेशंटला हात लावायच्या आधीच मला हाक मारायची. अपघातात पेल्व्हिस (कटीचं हाड) मोडलेला आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसणारा पेशंट या तिसऱ्या गोष्टीत येतो. त्याला कॅथेटर घालायचंच नसतं. शेवटी फोरस्किन (शिश्नाची पुढची कातडी) पुढे ओढली का, हे बघायचं. ती मागेच राहिली तर सकाळी सुजून पॅराफायमोसिस (कातडी मागेच अडकणं) झालेला मिळतो, आणि रात्रीच्या नोटमध्ये 'कॅथेटराइज्ड, युरिन क्लिअर' एवढंच असतं.

पेशंटलाही सांगायचं, मराठीत आणि त्याच्याकडे बघून: "बाबा, हे डॉक्टर नळी घालतील. मी इथेच उभा आहे." पेशंटच्या डोक्यावरून इंग्रजीत सूचना देत राहिलं की तो घाबरून आवळून धरतो आणि कॅथेटर अडकतं. हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही, कामाचा भाग आहे.

राऊंडवरचं बोलणं हा दुसरा मोठा तुकडा. इथे वापरायची पद्धत १९९२ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या फॅमिली मेडिसिनवाल्यांनी मांडली. तिला 'वन मिनिट प्रिसेप्टर' म्हणतात. नाव फसवं आहे, एका मिनिटात होत नाही, तीन लागतात. पाच पायऱ्या: मुलाला एका निर्णयाला बांधून घ्या, तो कशावरून आला ते विचारा, एकच नियम शिकवा, बरोबर काय केलं ते सांगा, चूक सुधारा. कागदावर बाळबोध वाटतं. वॉर्डात, डेंग्यूच्या एका पेशंटपाशी, असं दिसतं:

"मॅडम, सव्वीस वर्षांचा मुलगा, साठ किलो, पाच दिवस ताप, एनएस-वन पॉझिटिव्ह. आज सकाळी ताप उतरलाय, पण प्लेटलेट २२ हजार. प्लेटलेट लावायच्या का?"

नेहमीचं उत्तर दहा सेकंदांचं असतं: "नको. फ्लुइड वाढव, दुपारी हिमॅटोक्रिट रिपीट पाठव." (हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण.) पेशंटचं भलं झालं. मुलाला काही मिळालं नाही. पुढच्या डेंग्यूला तो पुन्हा हाच प्रश्न विचारेल, किंवा रात्र असेल तर न विचारता प्लेटलेट लावेल. तयार झालेला शिक्षक असं करतो:

"तुला काय वाटतं, याला आत्ता धोका कशाचा आहे?"

"ब्लीडिंगचा, मॅडम."

"कशावरून?"

"काउंट कमी आहे... ब्लीडिंग तसं कुठे नाहीये. हिरड्या ठीक आहेत, शौचाला काळं नाही. सकाळपासून पोट दुखतंय म्हणतो. दोनदा उलटी झाली."

"बीपी?"

"एकशे चार बाय ऐंशी."

"हिमॅटोक्रिट काल किती होता?"

"अडतीस. आज... सेहेचाळीस."

मॅडम गप्प. मुलगा केसपेपरकडे बघतो.

"लीक होतंय, मॅडम."

"होतंय. डेंग्यूत ताप उतरला की नातेवाईक खूश होतात, आणि तिथूनच पुढचा दीड-दोन दिवस सगळ्यात वाईट. तेव्हा काउंटवर नाही, हिमॅटोक्रिट आणि पल्स प्रेशरवर नजर ठेवायची. हिमॅटोक्रिट मूळच्या वीस टक्के चढला म्हणजे प्लाझ्मा बाहेर चाललाय. याचं पल्स प्रेशर, एकशे चारमधून ऐंशी गेले, चोवीस आहे, वीसवर आलं की शॉक धरायचा. पोटदुखी आणि उलट्या तू विचारून घेतल्यास, तीच वॉर्निंग साइन आहेत, ते चांगलं केलंस. पण हिमॅटोक्रिट त्याच रिपोर्टवर होता आणि तू प्लेटलेटच्या ओळीवर थांबलास. यापुढे डेंग्यू सांगताना आधी हिमॅटोक्रिट, मग काउंट. फ्लुइड किती देशील?"

"पाच ते सात एमएल पर केजी पर अवर. तासाला तीनशे ते चारशे वीस. एक-दोन तासांनी बघून कमी करायचं."

"बघणार कोण आणि किती वाजता?"

हा शेवटचा प्रश्न पाच पायऱ्यांत नाही. तो माझ्या मते सहावी पायरी म्हणून घालावा, कारण आपल्याकडे 'रिपीट पाठवा' आणि 'रिपीट बघितला' यांच्यामध्ये अख्खी रात्र जाते.

शिक्षकांना हे शिकवताना ठरावीक ठिकाणी गाडी अडते. पहिलं म्हणजे गप्प बसणं जमत नाही. शाळेच्या वर्गांवर १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं, आणि तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि चांगली येतात असंही. वॉर्डात तीन सेकंद फार मोठे वाटतात. दुसरं, 'एकच नियम' म्हटलं की डेंग्यूवर पंधरा मिनिटांचं लेक्चर सुरू होतं आणि मागच्या चार पलंगांचा राऊंड बुडतो. तिसरं, 'कशावरून' हा शब्द उलटतपासणीच्या सुरात येतो. आणि चौथी चूक उत्साही शिक्षकांची: पेशंट खरोखर कोसळत असताना हे प्रश्न विचारत बसणं. बीपी लागत नसेल तेव्हा हातात घ्यायचं, बोलणं नंतर. पाच पायऱ्यांचा कागद पाठ करणाऱ्यांना हे स्पष्ट सांगावं लागतं.

जेआर-३ साठी हीच गोष्ट उलटी करता येते. क्लीव्हलंडच्या शिक्षकांनी २००३ मध्ये मांडलेल्या 'स्नॅप्स' पद्धतीत विद्यार्थीच केस थोडक्यात सांगतो, दोन-तीन शक्यता मांडतो, त्यांची तुलना करतो, आपल्याला काय कळत नाही ते विचारतो, पुढचं ठरवतो आणि वाचायला एक विषय निवडतो. ओपीडीत चांगली चालते. पहिल्या वर्षाच्या मुलावर लादू नये.

आता झाडण्याबद्दल. राऊंडवर सगळ्यांसमोर पोराला सोलून काढणं हे पुष्कळ युनिटांत शिस्तीचं लक्षण समजलं जातं. माणुसकीचा मुद्दा बाजूला ठेवू, तो उघडच आहे. पेशंटच्या जिवाचा मुद्दा असा: ज्या राऊंडवर "माहीत नाही" म्हटलं की अपमान होतो, त्या राऊंडवर आकडे तयार होतात. "पोटॅशियम किती?" "चार पॉइंट दोन, सर." रिपोर्ट लॅबमधून आलेलाच नसतो. चार पॉइंट दोन हे पोटॅशियम वॉर्डात इतक्यांदा ऐकू येतं की त्याची शंका यायला हवी. पुढचे निर्णय त्या आकड्यावर होतात. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक वाक्य अक्षरशः तोंडी घोकून घ्यावं: "माहीत नसेल तर सांग, बघून ये, मी थांबतो." आणि मूल खरंच बघून आलं की त्याला उशीर का झाला हे विचारायचं नाही.

चूक सांगायची ती बघितलेल्या कृतीबद्दल. 'तू निष्काळजी आहेस' यातून सुधारायला काही मिळत नाही. 'सात नंबरचं ड्रेसिंग उघडून तसाच आठ नंबरला गेलास, हात धुतले नाहीस' यातून मिळतं. अमेरिकन डॉक्टर जॅक एंडे यांनी १९८३ मध्येच फीडबॅकवरच्या लेखात हे लिहून ठेवलंय: फीडबॅक स्वतः बघितलेल्याचा, वेळेवर आणि ज्यात बदल करता येईल अशा गोष्टीचा असावा. आधी स्तुती, मध्ये चूक, शेवटी स्तुती असं सँडविच करायला अजून शिकवतात. दुसऱ्या वेळेपासून मुलं स्तुती ऐकली की दचकतात. त्यापेक्षा "एक चांगलं होतं, एक बदलायचंय" असं सरळ म्हणावं. पेशंटच्या जिवाशी थेट संबंध असलेली चूक तिथल्या तिथे, हळू आवाजात. बाकी सगळं पॅसेजमध्ये.

आणि रात्र. रेसिडेंटच्या हातून होणाऱ्या मोठ्या चुका अज्ञानातून कमी आणि न केलेल्या फोनमधून जास्त होतात, असं माझं ठाम मत आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. तिला बघणारे दोघेही शिकाऊ डॉक्टर होते, वरिष्ठांशी बोलणं फोनवर झालेलं. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रेसिडेंटचे तास आठवड्याला ८० वर आणि सलग ड्यूटी २४ तासांवर बांधली गेली. जगाला तास लक्षात राहिले. ज्यांच्या समितीमुळे हे झालं ते बर्ट्रांड बेल मात्र पुढे अनेक वर्षं सांगत राहिले की तासांपेक्षा देखरेख महत्त्वाची होती. आपल्याकडे १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस असं लिहिलेलं आहे. ते वाचून कुठल्याही इमर्जन्सी डेला बसलेला रेसिडेंट हसेल. तासांची लढाई वेगळी आणि लांबची आहे. देखरेख मात्र युनिट हेडला उद्यापासून बदलता येते.

"केव्हाही फोन कर" हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण केव्हाही म्हणजे केव्हा हे रेसिडेंटने ठरवायचं असतं आणि फोन केला की आपण कच्चे ठरतो ही त्याची भीती कायम असते. त्याऐवजी फोन सक्तीचा करायचा, म्हणजे त्यात कमीपणा उरत नाही. यादी छोटी हवी, सात-आठ गोष्टींची: पेशंट आयसीयूत हलवायचा असेल, मृत्यू, बीपी किंवा शुद्ध अचानक बिघडली, दोनच्या पायरीवरचं कोणतंही काम, डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध) जाणारा पेशंट, बहात्तर तासांत कॅज्युअल्टीत परत आलेला पेशंट, दोन विभागांची मतं जुळत नाहीत, सिस्टर म्हणतात काहीतरी बिनसलंय. शेवटचा मुद्दा आवर्जून ठेवा. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टरना मॉनिटरच्या आधी कळतं.

त्याच्या जोडीला शिक्षकाने स्वतः फोन करायचा. रात्री साडेदहाला, रोज, ठरलेल्या वेळी. पाच मिनिटं. "आज सगळ्यात आजारी कोण? रात्रीत कोण बिघडू शकतो? बिघडला तर काय करशील?" तीनच प्रश्न. रेसिडेंटच्या मनात घोळत असलेली शंका या फोनवर सहज बाहेर येते, तीच तो पहाटे तीनला आपणहून विचारणार नव्हता. आणि तीनला फोन आलाच, तर शिक्षकाच्या तोंडचं पहिलं वाक्य ठरलेलं हवं: "बरं झालं फोन केलास." पेंगुळलेल्या आवाजातला "एवढ्यासाठी उठवलंस?" हा एक प्रश्न पुढच्या सहा महिन्यांचे फोन बंद करतो, आणि फक्त त्या मुलाचे नाही, हॉस्टेलवर ऐकणाऱ्या सगळ्यांचे. शिक्षकांच्या वर्गात हा फोन खरोखर करून घ्यावा: एकाने शेजारच्या खोलीतून रेसिडेंट होऊन लावायचा, दुसऱ्याने स्पीकरवर घ्यायचा. हसू येतं, पण सूर कुठे बिघडतो ते सगळ्यांना ऐकू येतं.

लॉगबुकबद्दल, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामांच्या नोंदवहीबद्दल, थोडक्यात. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या लॉगबुकात प्रत्येक कामापुढे पहिला प्रयत्न, पुन्हा की सुधारणा, अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं की जास्त, आणि शिक्षकाचा निर्णय पूर्ण, पुन्हा की सुधारणा, असे रकाने आहेत. शेवटी फीडबॅक मिळाल्याची विद्यार्थ्याची सही. रकाने उत्तम आहेत. भरले जातात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, एकाच पेनने, सगळीकडे 'अपेक्षेइतकं'. एकही 'पुन्हा' नसलेलं लॉगबुक म्हणजे कुणी बघितलंच नव्हतं. उपाय कंटाळवाणा आहे: त्याच दिवशीची सही, नाहीतर सही नाही.

विद्यार्थी पेशंट तपासताना बघून गुण देण्यासाठी मिनी-सीईएक्स ही छोटी परीक्षा वापरतात. जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते मांडलं. पंधरा-वीस मिनिटं, त्यातली पाच फीडबॅकची, नऊ गुणांची पट्टी: एक ते तीन असमाधानकारक, चार ते सहा समाधानकारक, सात ते नऊ उत्तम. शिक्षकांच्या वर्गात सहा मिनिटांचा एकच व्हिडिओ दाखवा आणि न बोलता गुण लिहायला सांगा. एकाच मुलीला कुणी चार देतो, कुणी आठ. मग चारवाल्याने आणि आठवाल्याने काय बघितलं ते सांगायचं. बहुधा चारवाल्याने तिने पोट तपासताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही हे टिपलेलं असतं, आणि आठवाल्याने तिचं इंग्रजी. एवढी एक फेरी एखाद्या स्लाइड शोपेक्षा जास्त काम करते. पट्टी मात्र तीन-चार व्हिडिओंनंतरच जवळ येते, एका बैठकीत नाही.

मग वर्ग घ्यायचा कसा? तीन दिवस सलग नको, कारण चौथ्या दिवशी सगळे ओपीडीत परत जातात आणि जुनं सुरू. दोन तासांच्या तीन बैठका, पंधरा दिवसांच्या अंतराने, दुपारी दोन ते चार. बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नयेत. सिनिअर रेसिडेंटना हमखास घ्यावं, कारण प्रत्यक्ष देखरेख तेच करतात आणि त्यांना कुणी बोलावत नाही. तिघातिघांचे गट: एक शिक्षक, एक रेसिडेंट, एक बघणारा. प्रत्येकाला दहा मिनिटं: पाच करायला, पाच बोलायला. बघणाऱ्याच्या हातात मत मांडायचा नव्हे, मोजायचा कागद: किती प्रश्न विचारले, प्रश्नानंतर किती सेकंद थांबला, मुलाचं बोलणं किती वेळा तोडलं, शेवटचा निर्णय कुणी उच्चारला. आकडे समोर ठेवले की भांडण होत नाही. रेसिडेंटच्या भूमिकेसाठी संहिता लिहून द्या, आणि त्यात एक चूक मुद्दाम पेरा, नाहीतर शिक्षकमंडळी रेसिडेंट बनून एकमेकांना परीक्षेतले प्रश्न विचारत बसतात.

बैठकांच्या मधल्या पंधरवड्यात प्रत्येकाने सहकाऱ्याचा राऊंड वीस मिनिटं बघायचा, तोच कागद घेऊन. इथे सगळ्यात जास्त गळती होते. वेळ नाही हे कारण सांगतात, पण अडचण असते ती सहकाऱ्यासमोर राऊंड घेण्याची लाज. विभागप्रमुखाने पहिला राऊंड स्वतःचा बघू दिला की ती निम्मी होते. विभागप्रमुख उद्घाटनाला येऊन चहानंतर जाणार असतील, तर वर्ग भरवू नये.

साठ पेशंटच्या वॉर्डात हे सगळ्यांसाठी होणार नाही. रोज एक पेशंट, एक मूल, तीन मिनिटं. कोणतं मूल ते पेन्सिलच्या कागदावरून निवडायचं, जिथे दोनचा आकडा सगळ्यात जुना आहे तिथून.

एक जागा अजून जवळजवळ कोरीच आहे: जिल्हा रुग्णालय. २०२० मध्ये नियम आला आणि त्यानुसार पीजीच्या मुलांना तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला जावं लागतं, तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये. तिथले फिजिशियन आणि सर्जन कामात तरबेज असतात, पण शिकवणं हा त्यांच्या नोकरीचा भाग कधी नव्हता. मग मुलगा एकतर बघ्या राहतो, नाहीतर 'आलाय तर लावा कामाला' म्हणून रात्रीची कॅज्युअल्टी एकट्याने सांभाळतो. कॉलेजने त्याच्याबरोबर पेन्सिलच्या आकड्यांचा कागद पाठवावा, शिक्क्यासह, आणि आधी एक दुपार सिव्हिलच्या डॉक्टरांसोबत बसून तो कसा वाचायचा ते सांगावं. चार किंवा पाचचा आकडा असलेली कामं त्याला द्या, दोनच्या कामाला कुणीतरी शेजारी उभं राहा, आणि फोनची यादी तुमच्या नंबरांनी भरून भिंतीवर लावा. साडेदहाचा फोन कोण करणार, कॉलेजचे सर की सिव्हिलचे, हे त्याच दुपारी नावासकट ठरवून घ्यावं.